शहाजीराजपुरम् : एका गौरवनामाची कहाणी

सुवर्णमहोत्सव म्हटला की नामकरणाचा विषय निघतोच. सभागृहाला कोणाचे नाव द्यावे, फिरत्या चषकावर कोणाचे नाव कोरावे, व्याख्यानमाला कोणाच्या स्मरणार्थ गुंफावी, या प्रश्नांनी कार्यकारिणीच्या बैठका रंगतात. आपल्याला जे प्रिय आहे त्याचे नाव आपल्या हातच्या वस्तूला द्यावे, ही मनुष्यस्वभावातील फार जुनी ओढ आहे. जी मराठी कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत त्यांच्या पाहण्यात असेल की, तेथील गावोगावचे छोटे बिअर-उत्पादक आपल्या गावच्या बास्केटबॉल संघाच्या गौरवार्थ एखादी खास बिअर तयार करतात आणि हंगामभर ती चवीने प्याली जाते. मिलवॉकी शहरात तर हा व्यवहार उलट्या दिशेनेही झाला आहे. बिअरच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराच्या बेसबॉल संघाचे नावच ‘ब्रुअर्स’, म्हणजे बिअर तयार करणारे, असे आहे. गावाने संघाचा गौरव करावा आणि संघाने गावच्या धंद्याचा, अशी ही परस्परांची प्रीती आहे.

या प्रीतीचे स्वरूप जाणून घ्यायचे तर आपल्याच इतिहासातील एक उदाहरण पाहावे, असे आम्हांस वाटते. ते उदाहरण तमिळनाडूतील कुंभकोणमनजीकच्या तिरुविसनल्लूर या गावी घडले. गौरवार्थ दिलेल्या नावांपैकी कोणते टिकते आणि कोणते विरून जाते, याचा विचार घरापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांना कधी ना कधी करावाच लागतो. त्या विचाराला या लहानशा गावाइतकी चांगली जागा दुसरी क्वचितच सापडेल.

कुंभकोणमच्या पूर्वेस काही मैलांवर, कावेरीच्या उत्तर तीरावर हे गाव वसले आहे. येथील शिवमंदिर अतिप्राचीन असून सातव्या शतकातील शैव संत ज्ञानसंबंधर यांनी त्याची स्तुती गाइली आहे. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर उभारणाऱ्या राजराज चोळाने आपल्या कारकीर्दीच्या अखेरीस याच देवालयात तुलाभार केला आणि त्याच्या राणीने येथेच हिरण्यगर्भ दान दिले, असे येथील शिलालेख सांगतो. म्हणजे मराठ्यांचा घोडा कावेरीकाठी पोहोचण्याच्या सहाशे-साडेसहाशे वर्षे आधीच हे गाव राजांच्या दानाला आणि विद्वानांच्या वेदघोषाला सरावलेले होते. ज्या गावाला आपण नवे नाव दिले म्हणून अभिमान बाळगतो, त्या गावाला स्वतःचे जुने नाव आणि जुनी प्रतिष्ठा होती, हे येथेच लक्षात ठेवावयास हवे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इ.स. १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले आणि तेथे भोसले घराण्याची गादी स्थापन झाली. त्यांचे ज्येष्ठ पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये कोवळ्या वयात गादीवर बसले आणि १७१२ पर्यंत त्यांनी राज्य केले. त्यांचे नाव आजोबांच्या, म्हणजे शिवछत्रपतींच्या पित्याच्या, नावावरून ठेवलेले होते. नातवाच्या मुखाने आजोबांना हाक मारण्याची ही आपली घरोघरची रीत राजवाड्यातही होतीच.

या तरुण राजाचे मन रणांगणापेक्षा काव्य-नाटकांत अधिक रमले. तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींवर, म्हणजे त्या क्षेत्रीच्या शिवावर, त्यांची निस्सीम भक्ती होती. त्या देवतेसाठी त्यांनी ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे तेलुगू गेय नाटक रचले. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात त्यांनी संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ व हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर आणल्या. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आसपासचे मानले जाते. सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते १८४३ साली. म्हणजे मराठी नाटकाचा पाळणा कृष्णाकाठी हलण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तो कावेरीकाठी हलत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. समकालीन पंडितांनी या राजाला ‘अभिनवभोज’ म्हणून गौरविले ते उगीच नव्हे.

या शहाजीराजांनी १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना अग्रहार म्हणून दान दिले आणि त्याचे नाव ‘शहाजीराजपुरम्’ असे ठेवले. दान घेणाऱ्या पंडितांची संख्या कोणी पंचेचाळीस तर कोणी शेहेचाळीस सांगतात. राहावयास घर आणि पोटापाण्यास जमिनीचा वाटा अशी ही व्यवस्था होती. राजाने यात नवा शिरस्ता पाडला असे नाही. विद्वान ब्राह्मणांना गाव द्यावे आणि त्याला राजाचे वा राणीचे नाव लावावे, ही रीत चोळांच्या काळापासून या भूमीत रूढ होती. मराठ्यांचे शहाणपण असे की, परमुलखात राज्य करताना त्यांनी त्या मुलखाचीच रीत उचलली आणि ती मनापासून पाळली.

या पंडितांत मराठी भाषिक थोडके; बहुतेक तमिळ, तेलुगू आणि कन्नड मुलखांतले होते. ‘जानकीपरिणय’ नाटक व ‘पतंजलिचरित’ काव्य लिहिणारे रामभद्र दीक्षित त्यांत होते, ‘अद्भुतदर्पण’ नाटकाचे कर्ते महादेव कवी होते आणि आज ज्यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते ते श्रीधर वेंकटेश, म्हणजेच श्रीधर अय्यावाळ, होते. पुढे संन्यासी म्हणून विख्यात झालेले सदाशिव ब्रह्मेंद्र यांचे विद्यार्थिजीवनही परंपरेने याच गावाशी जोडले जाते.

राजाने गावाला आपले नाव दिले, तेव्हा पंडितांनीही आपल्या कृतींना राजाचे नाव दिले. श्रीधर वेंकटेशांनी शहाजीराजांवर ‘शाहेंद्रविलास’ हे आठ सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचले. पेरिअप्पा कवींनी ‘शृंगारमंजरी-शाहजीय’ या नाटकात राजाला नायक केले. ज्याच्या हाती जी कला, तिच्यातून त्याने आपला आदर व्यक्त करावा, हाच येथेही न्याय. कोणी धान्य आंबवून आपल्या संघाच्या नावाने पेला भरतो, तर कोणी शब्द घोटून आपल्या राजाच्या नावाने ग्रंथ सिद्ध करतो. या कृतींचे मोल आश्रयदात्याच्या स्तुतीपुरते आहे असे म्हणता येणार नाही. राजाच्या राज्यात काय वाचले, गाइले आणि वादले जात होते याची साक्ष त्यांतून मिळते. ‘शाहेंद्रविलास’ दीर्घकाळ हस्तलिखितातच पडून होते. डॉ. व्ही. राघवन यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या आवृत्तीमुळेच या गावाचा विद्वत्समाज आज आपल्यापुढे उभा राहतो.

आता कथेचा दुसरा भाग. आज कुंभकोणमच्या बसस्थानकावर कोणास शहाजीराजपुरम् कोठे म्हणून विचारले, तर उत्तर मिळण्याचा संभव कमीच. गावाने राजाचे दान स्वीकारले; नाव मात्र आपले जुनेच राखले. तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासात असे अन्यत्रही घडले आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे आपल्या प्रिय मुक्तांबाळ हिच्या नावाने मोठे अन्नछत्र उभारले आणि त्या ठिकाणाला मुक्तांबाळपुरम् असे नाव दिले. ते नावही लोकांच्या बोलण्यातून सरले आणि ओरत्तनाडू तेवढे उरले. छत्राची वास्तू मात्र मुक्तांबाळच्या नावानेच ओळखली जाते. राजाज्ञेने गावाला चिकटविलेले नाव गळून पडले आणि जेथे भुकेल्याला पान वाढले गेले तेथे ते राहिले, हा योगायोग मानावयास आमचे मन तयार होत नाही.

रामेश्वरच्या यात्रामार्गावरील या छत्रांविषयी सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस पत्र लिहिले होते. दोनच वर्षांपूर्वी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता. राजाच्या वाट्याला किल्ला, तनखा आणि मान एवढेच उरले होते. अशा वेळी त्यांनी विशेष कळकळीने रक्षण मागितले ते छत्रांचे. जातिभेद न करता सर्व वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांना औषधपाणी होते, तान्ह्या मुलांना दूध पुरविले जाते, हे त्यांनी त्या पत्रात नोंदविले आहे. सत्ता गेलेल्या राजाने जपलेली ही शेवटची श्रीमंती होती.

तिरुविसनल्लूरमध्येही हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. तेथील आख्यायिका अशी आहे की, पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक तयार असताना श्रीधर अय्यावाळांना दारी एक भुकेलेला अंत्यज दिसला आणि ब्राह्मणांसाठी राखलेले अन्न त्यांनी त्यालाच वाढले. अग्रहारातील ब्राह्मण संतापले आणि गंगास्नानावाचून ही अशुद्धी जाणार नाही असे बजावले. तेव्हा अय्यावाळांनी गंगेची स्तुती आरंभिली आणि त्यांच्या घरच्या विहिरीतून गंगा उसळून अग्रहारात वाहू लागली. तमिळ कार्तिगै महिन्याच्या अमावास्येस आजही हजारो लोक त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यासाठी येथे जमतात. आख्यायिकेचा ऐतिहासिक पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण लोकांनी काय लक्षात ठेवले ते पाहण्यासारखे आहे. त्यांना सनद आठवत नाही, जमिनीचे वाटे आठवत नाहीत. भुकेल्यास दिलेला घास आणि विहिरीचे पाणी तेवढे आठवते.

अन्नाचा विषय निघालाच आहे, तर मराठी माणसाच्या अभिमानाच्या एका गोष्टीचा निवाडा येथेच करणे इष्ट होय. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठ्यांनी निर्माण केला आणि छत्रपती संभाजीराजांच्या गौरवार्थ त्याला हे नाव दिले, असे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. कथा अशी की, शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी लागणारे कोकम संपले, कोणीतरी चिंच वापरण्याचे सुचविले आणि तो नवा पदार्थ पाहुणे म्हणून आलेल्या चुलतभावाच्या, संभाजीराजांच्या, नावाने ओळखला जाऊ लागला. परदेशी आपल्या मुलांना ही कथा सांगताना आपली छाती फुगते, हेही खरे.

परंतु कथेचा आधार चाचपू लागलो की हाती फारसे काही येत नाही. पहिली गोष्ट म्हणजे त्या काळच्या कोणत्याही विश्वसनीय लेखात हा प्रसंग आढळत नाही. दुसरी गोष्ट, चिंचेचे आंबट हे देशावरच्या स्वयंपाकाला नवे नव्हते. चिंचगुळाची आमटी घाटावरील घरांत पिढ्यान् पिढ्या शिजत आलेली आहे. भोसल्यांच्या आचाऱ्यांना चिंचेचा शोध लागण्यासाठी तंजावरला जाऊन कोकम संपण्याची वाट पाहावी लागली असेल, हे संभवत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शब्दाची. ‘संभार’ या संस्कृत शब्दाचा अर्थ सामग्री, साहित्य असा आहे. तमिळमध्ये मसाल्याच्या साहित्यासाठी ‘संबारम्’ हा शब्द मराठ्यांच्या आगमनापूर्वीच्या, सोळाव्या शतकातील, शिलालेखात आलेला आहे. मलयाळममध्ये मसाला घातलेल्या ताकाला ‘संभारम्’ म्हणतात, गुजरातीत फोडणीच्या भाजीला ‘संभारो’ म्हणतात आणि आपल्या नागपूर-वऱ्हाडाकडे तर कोथिंबिरीलाच ‘सांबार’ म्हणतात. सांबारवडी खाल्लेल्या वैदर्भीय वाचकास हे सांगावयास नकोच. इतक्या भाषांत पसरलेला शब्द एका राजपुत्राच्या नावावरून निघाला असे म्हणणे कठीण आहे.

तेव्हा सांबाराची ही कथा प्रेमापोटी रचली गेलेली आहे, असेच मानावे लागते. तीत संभाजीराजांविषयीची भक्ती खरी आहे. इतिहास मात्र खरा नाही. संभाजीराजांचे मोठेपण एका पदार्थाच्या नावावर अवलंबून नाही. शेजाऱ्याच्या ताटातील पदार्थावर आपला हक्क सांगून त्यात भर पडत नाही, आणि हक्क सोडल्याने ते उणेही होत नाही.

मग मराठ्यांनी तमिळ स्वयंपाकघरात काहीच ठेवले नाही काय? ठेवले, आणि ज्यासाठी कथा रचावी लागत नाही असे ठेवले. तंजावरकडील ब्राह्मण घरांत ‘रसवांगी’ नावाचा पदार्थ केला जातो. तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तरिक्काय’ म्हणतात. पदार्थाच्या नावात मात्र आपले मराठी वांगे जसेच्या तसे बसलेले आहे. त्याच घरांत चिंचेचे, डाळीचे ‘पिट्लै’ शिजते. त्याच्या नावात आपले पिठले ओळखू येते, जरी पदार्थ पुष्कळ बदलला आहे. सणासुदीला ‘पोळि’ म्हणून जे वाढले जाते ते आपल्या पुरणपोळीचेच भावंड. खुद्द राजवाड्याच्या मुदपाकखान्याची साक्ष ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात आहे. सरफोजीराजांच्या काळातील हे पाककृतींचे बाड सरस्वती महाल ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केले आहे. त्यात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही प्रकारचे पदार्थ आहेत.

आणि ही देवघेव ताटापुरती राहिली नाही. मराठी कीर्तनपद्धतीच्या संस्काराने तमिळ प्रदेशात हरिकथेची नवी शैली घडली आणि तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला वैभव प्राप्त करून दिले. दिंडी, साकी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ कथेकऱ्यांच्या मुखी रुळले. तेथील भजनसंप्रदायात अभंग आजही गाइले जातात. या संप्रदायाच्या आचार्यांत अय्यावाळांबरोबर ज्यांचे नाव घेतले जाते त्या बोधेंद्रांची समाधी तिरुविसनल्लूरपासून जवळच गोविंदपुरम् येथे आहे, आणि त्याच गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर उभे राहून २०११ मध्ये त्याचा कुंभाभिषेक झाला. ते कोणा मराठी राजाने बांधलेले नाही. तमिळ भक्तांच्या श्रद्धेतून ते उभे राहिले. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राज्य गेल्यावर दीड शतकाहून अधिक काळ लोटला, तेव्हा कावेरीकाठी विठ्ठल नव्याने विटेवर उभा राहिला, आणि त्यासाठी कोणाच्या आज्ञेची गरज पडली नाही.

शहाजीराजांच्या नावाची ही कहाणी आम्ही अशा रीतीने वाचतो. गावावर लिहिलेले त्यांचे नाव पुसले गेले. पण पंडितांना दिलेल्या स्वस्थतेतून जे ग्रंथ निपजले त्यांत ते राहिले. ज्या गावाने त्यांचे नाव बोलण्यातून टाकले, त्या गावाचा कोणताही इतिहास त्यांच्यावाचून सांगता येत नाही. राजाने शेजाऱ्यांच्या भाषा आपल्या मानल्या, त्यांच्या देवापुढे माथा टेकविला, त्यांच्या विद्वानांना घरे दिली. शेजाऱ्यांनी मग आपल्याला रुचले ते उचलले, आपल्या चवीचे करून घेतले, आणि त्यात मराठी शब्द राहून गेले.

आपणही परमुलखात राहतो. आपल्या पाट्या, आपले फलक, आपली शोभायात्रा यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसलेवंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहताना कोणत्या मराठी माणसाचा ऊर भरून येणार नाही? परंतु दगडावरचे ते मराठी वाचणारे त्या गावात आज थोडे आहेत आणि रसवांगी शिजविणारी घरे पुष्कळ. पुढील पन्नास वर्षांत आपल्या मुलांचे खेळगडी आपल्या घरचा कोणता पदार्थ मागून घेतील, आपल्या उत्सवातील कोणते गाणे शेजारी गुणगुणतील, आपण स्थानिकांच्या भाषेत आणि त्यांच्या सुखदुःखात किती मिसळू, यावरच आपले येथील नाव ठरणार आहे. गावच्या संघासाठी कोणी पेला भरीत असेल तर त्या आनंदात आपणही सामील व्हावे, आणि आपल्या सणाच्या पंक्तीत त्यांनाही पान मांडावे.

मंडळाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत तेव्हाचा कोणी लेखक आपल्याविषयी लिहील. त्याला आपल्या गौरवासाठी आख्यायिका रचाव्या लागू नयेत, शेजाऱ्यांच्या तोंडी राहिलेला एखादा मराठी शब्द दाखविणे पुरेसे व्हावे, एवढीच या सुवर्णक्षणी आमची प्रार्थना आहे.